एक्सेल चार्टचा स्केल हाताने न बदलता ताब्यात कसा ठेवायचा: चार धरणं आणि एक पट्टी

आधी किस्सा सांगतो, म्हणजे हे सगळं कशासाठी ते कळेल. पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर धरणांच्या पाण्याचा चार्ट टाकायचं काम माझ्याकडे असतं, म्हणजे कोणी दिलेलं नाही, मीच ओढवून घेतलंय. पुण्याची चार धरणं, खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर, रोज सकाळी आकडे भरायचे आणि चार छोटे चार्ट टाकायचे. एका ऑगस्टमध्ये वरसगाव भरलं, मग विसर्ग सोडला आणि साठा थोडा उतरला. आकडे सोपे करून सांगतो, समजा १२.८२ टीएमसीवरून १२.१० वर आला. मी चार्ट टाकला आणि पाच मिनिटांत वरच्या मजल्यावरच्या काकांचा फोन, "अरे, बातम्यांत तर चौऱ्याण्णव टक्के म्हणतायत, तुझ्या चार्टमध्ये निम्म्याच्या खाली कसं काय?"

चार्ट उघडून बघितला तर काका बरोबर होते. आकडा बरोबर, पण कॉलम निम्म्याहून बुटका. कारण चार्टचा तळ शून्यावर नव्हताच, ११.६ वर होता आणि वरचं टोक १३ वर. १२.८२ चा कॉलम दिसायला १.२२ उंच आणि १२.१० चा फक्त ०.५. पाणी साडेपाच टक्के कमी झालं आणि चित्रात साठ टक्के!

हे एक्सेलने उगाच केलं नाही, त्याचा नियम आहे. सगळे आकडे धन असतील तर तो सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा बघतो, दोघांतला फरक मोठ्या आकड्याच्या एक षष्ठांशापेक्षा, म्हणजे १६.६७ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तळ शून्यावर ठेवतो, आणि फरक त्याहून कमी असेल तर त्याला वाटतं की या माणसाला बारीक चढउतार बघायचेत, मग तो तळ वर उचलतो. आपल्या केसमध्ये फरक ०.७२, मोठा आकडा १२.८२, म्हणजे जेमतेम ५.६ टक्के, त्यामुळे तळ उचलला. वरच्या टोकालाही तो आकड्यांमधल्या फरकाच्या पाच टक्के मोकळी जागा सोडतो आणि मग पुढच्या ठोकळ रेघेवर थांबतो. जूनमध्ये धरण रिकामं होऊन भरायला लागतं तेव्हा फरक मोठा असतो म्हणून चार्ट शहाण्यासारखा वागतो, आणि धरणं भरली की तोच चार्ट वेड्यासारखा. तुम्ही काही बदललेलं नसतं, म्हणूनच लक्षात येत नाही.

आकडा टाइप करून टाकला तर?

सगळे पहिल्यांदा हेच करतात, मीही केलं. उभ्या अक्षावर डबल क्लिक, उजवीकडे फॉरमॅट ॲक्सिस उघडतं, त्यात बाउंड्सखाली मिनिमम आणि मॅक्सिमम, तिथे ० आणि १४ टाइप केलं की झालं. बॉक्सशेजारी आधी 'ऑटो' लिहिलेलं असतं, तुम्ही आकडा टाकला की तिथे 'रीसेट' येतं, म्हणजे आता हा अक्ष खिळ्याने ठोकलाय, रीसेट दाबेपर्यंत हलणार नाही. (त्या बॉक्समध्ये तोच आकडा परत टाइप केलात तरी ठोकला जातो बरं का, कितीतरी जण असं न कळत ठोकून ठेवतात.)

अडचण पुढे येते. ठोकलेल्या टोकाच्या वर एखादा आकडा गेला तर एक्सेल ओरडत नाही, कॉलम गपचूप वरच्या कडेला कापला जातो आणि १४ असो की २४, दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय चार चार्ट असतील तर चारही ठिकाणी जाऊन बदलायचं. मग डोक्यात येतं की त्या बॉक्समध्ये एखाद्या सेलचा पत्ता देता आला तर किती बरं, तर ते चालत नाही. बॉक्स फक्त आकडा घेतो. चार्टच्या टायटलला सेल जोडता येतो आणि अक्षाला नाही, असं का केलंय कोण जाणे.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की ऑटो बंद करायचंच नाही, त्याला काय दाखवायचं ते आपण ठरवायचं. ऑटो फक्त त्या चार्टमधले आकडे बघतो ना, मग चार्टमध्ये आपणच दोन आकडे घुसवायचे, एक तळाचा आणि एक वरचा, आणि त्यांना अदृश्य करायचं. मी त्यांना तळ आणि छत म्हणतो. मॅक्रो नाही, कोड नाही.

आधी डेटा नीट लावा

ए कॉलममध्ये तारीख, बी मध्ये खडकवासला, सी पानशेत, डी वरसगाव, ई टेमघर. पहिल्या ओळीत नावं. मग त्यातल्या कुठल्याही सेलवर उभं राहून कंट्रोल आणि टी दाबा, म्हणजे त्याचं टेबल होतं, हेडर आहे का विचारेल, हो म्हणा. टेबल का, तर उद्या खाली नवीन ओळ भरली की चार्ट आपोआप लांबतो आणि फॉर्म्युले आपोआप खाली उतरतात, रोज रेंज ओढत बसायला नको.

इथे दोन-तीन घाणेरड्या गोष्टी आहेत ज्यांनी स्केल बिघडतो आणि दोष बिचाऱ्या चार्टला मिळतो. सेलमध्ये "१२.१ टीएमसी" असं लिहू नका, ते अक्षर झालं, आकडा नाही, आणि चार्ट त्याला शून्य धरतो. टीएमसी दाखवायचंच असेल तर नंबर फॉरमॅटमधून दाखवा नाहीतर टायटलमध्ये लिहा. मेसेजमधून किंवा पीडीएफमधून कॉपी केलेल्या आकड्यामागे कधी कधी स्पेस चिकटून येते, तोही अक्षर होतो. ओळखायची खूण सोपी आहे, कॉलममध्ये अलाइनमेंटला हात लावला नसेल तर खरा आकडा सेलच्या उजव्या कडेला चिकटतो आणि अक्षर डावीकडे.

तिसरी गोष्ट रिकाम्या दिवसांची. ज्या दिवशी आकडा मिळाला नाही तो सेल खरोखर रिकामा ठेवा. फॉर्म्युला लावून "नसेल तर काही दाखवू नको" म्हणून दोन अवतरणचिन्हं टाकली असतील तर सेल रिकामा दिसतो पण चार्टला तिथे शून्य दिसतं, लाइन धाडकन खाली येते आणि अक्षही शून्यावर ओढला जातो. अशा ठिकाणी एनए हे फंक्शन वापरा, सेलमध्ये एरर दिसेल ती दिसू दे, चार्ट त्याला शून्य मानत नाही.

तारखांचंही एक बघून घ्या. कॉम्प्युटरचं रीजन अमेरिकेचं असेल तर १२ तारखेपर्यंत दिवस-महिना उलटे होतात आणि १३ पासून तारीखच अक्षर होते. आडवा अक्ष विचित्र दिसला की पहिला संशय याच्यावर.

तळ आणि छत

टेबलपासून थोडं लांब, समजा जे१ मध्ये ० लिहा आणि जे२ मध्ये १२.८२. हा १२.८२ म्हणजे वरसगावची क्षमता, चारात सगळ्यात मोठं धरण तेच. बाकीची सांगून ठेवतो, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१, खडकवासला १.९७, सगळी मिळून २९.१५ टीएमसी. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये साधारण २,८३१ कोटी.)

तुमच्या डेटाला अशी ठरलेली क्षमता नसेल, उदाहरणार्थ दुकानाची विक्री किंवा विजेची बिलं, तर जे२ मध्ये आकडा लिहू नका, फॉर्म्युला लिहा: =मॅक्स(बी:ई). म्हणजे चारही कॉलममधला सगळ्यात मोठा आकडा आपोआप येईल. सेलमध्ये अर्थातच हे इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं.

आता टेबलला लागून एफ१ मध्ये "तळ" लिहा, जी१ मध्ये "छत", टेबल आपोआप रुंद होतं. एफ२ मध्ये =$जे$१ आणि जी२ मध्ये =$जे$२, डॉलर विसरू नका, नाहीतर पुढच्या ओळीत जे२, जे३ असं घसरत जाईल. एंटर मारलं की खालपर्यंत भरतं.

पहिला चार्ट

तारखेचा कॉलम सिलेक्ट करा, मग कंट्रोल दाबून ठेवून बी, एफ आणि जी, सगळे हेडरसकट. इन्सर्ट टॅबमधून क्लस्टर्ड कॉलम घाला. आता चार्ट भयंकर दिसेल, खडकवासल्याच्या प्रत्येक कॉलमशेजारी छताचा एक उंच खांब उभा असेल. घाबरू नका.

कुठल्याही कॉलमवर राइट क्लिक करून चेंज सिरीज चार्ट टाइप घ्या. खाली सिरीजची यादी येते, त्यात तळ आणि छत या दोघांना लाइन करा, खडकवासला कॉलमच राहू दे. हे का, तर तळ आणि छत कॉलम म्हणून ठेवून नुसता रंग काढला तर ते दिसत नाहीत पण जागा अडवतात, आणि तुमचे खरे कॉलम काडीसारखे बारीक होऊन एका बाजूला सरकतात. लाइन जागा अडवत नाही. त्याच यादीत सेकंडरी ॲक्सिसचा टिक बॉक्स असतो, तो या दोघांसाठी काढलेलाच हवा. टिक राहिला तर उजवीकडे दुसरा अक्ष उगवतो, तळ-छत तिकडे पळतात आणि डावा अक्ष पुन्हा आपल्या मनाने वागायला लागतो. मी या एका टिकवर एकदा अख्खी संध्याकाळ घालवलीय.

मग छताच्या रेघेवर डबल क्लिक, नो लाइन, आणि मार्कर असतील तर तेही नन. तळाची रेघ शून्यावर अक्षालाच चिकटलेली असते, माऊसने सापडत नाही, तर चार्ट सिलेक्ट करून वर फॉरमॅट टॅबमध्ये जा, अगदी डाव्या टोकाला एक ड्रॉपडाउन असतो त्यात चार्टमधल्या सगळ्या वस्तूंची नावं असतात, तिथून तळ निवडा आणि खालचं फॉरमॅट सिलेक्शन दाबा. लेजंड ठेवणार असाल तर त्यातली तळ आणि छत ही नावं उडवा, एकदा क्लिक केलं की सगळं लेजंड सिलेक्ट होतं, थांबून त्या नावावर परत क्लिक केलं की फक्त ते नाव, मग डिलीट.

अक्ष बघा आता. ० ते १४ झालेला असेल. तुम्ही बाउंड्सना हातही लावलेला नाही, तिथे अजून 'ऑटो'च लिहिलेलं आहे.

एक सावधगिरी. आता तुम्हाला एफ आणि जी कॉलम डोळ्यांत खुपतील आणि तुम्ही ते हाइड कराल, आणि हाइड केल्या केल्या सगळा खेळ खलास, कारण लपवलेल्या कॉलममधला डेटा चार्ट घेतच नाही. तर आधी चार्टवर राइट क्लिक, सिलेक्ट डेटा, खाली डाव्या कोपऱ्यात हिडन अँड एम्प्टी सेल्स, त्यात लपवलेल्या ओळी-कॉलममधला डेटा दाखव हा टिक लावा, मगच हाइड करा. मी तर हाइड करतच नाही, फॉन्ट फिका राखाडी करून ठेवतो, सहा महिन्यांनी फाइल उघडली की स्वतःलाच कळायला हवं ना.

बाकीचे तीन

परत पहिल्यापासून करू नका. चार्ट सिलेक्ट करून कंट्रोल आणि डी, डुप्लिकेट तयार. डुप्लिकेटमधल्या कॉलमवर एक क्लिक केलं की शीटमध्ये त्या आकड्यांभोवती रंगीत चौकट येते, तिची कडा पकडून बी वरून सी वर ओढा, झालं पानशेत. तसंच डी आणि ई. कॉपी पुढच्या कॉलमवर सरकवताना हेडरची चौकट आपोआप आली नाही तर तीही ओढा. टायटलसाठी, टायटलवर क्लिक करून वर फॉर्म्युला बारमध्ये = टाइप करा, हेडरच्या सेलवर क्लिक, एंटर.

चारही चार्टची उंची एकच ठेवा. चौघांना कंट्रोल दाबून सिलेक्ट करा आणि फॉरमॅट टॅबच्या उजव्या टोकाला उंची-रुंदी टाइप करा. हे दिसायला बरं म्हणून नाही सांगत, एक्सेल रेघांमधलं अंतर ठरवताना चार्टची उंची आणि अक्षाच्या फॉन्टचा आकार पण बघतो, म्हणून आकडे तेच असूनही एक चार्ट १४ वर थांबतो आणि दुसरा बुटका चार्ट १५ वर, आणि मग आपण डोकं खाजवत बसतो.

पण खडकवासला एवढंसं दिसतंय!

दिसणारच. १.९७ टीएमसीचं धरण १४ च्या पट्टीवर जमिनीलगतच राहणार, काठोकाठ भरलं तरी. ग्रुपवर हा प्रश्न आलाच, "खडकवासला कोरडं पडलंय का?" खरं चित्र हेच आहे, वरची तीन धरणं पाणी साठवतात आणि तिथून ते खडकवासल्यात उतरतं, साठ्याच्या हिशोबात त्याचा वाटा छोटाच. पूर्वी प्रत्येक चार्ट आपापल्या ऑटोवर होता तेव्हा खडकवासला आणि वरसगाव एकाच उंचीचे दिसायचे आणि कोणाला काही खटकायचं नाही, ती खरी गडबड होती.

तुम्हाला "पाणी किती" सांगायचंय की "धरण किती भरलं" हे आधी ठरवा. किती भरलं हे सांगायचं तर टीएमसी सोडा, टक्के काढा. आणि टक्क्यांसाठी तळ-छताची भानगड नको, तिथे सरळ हाताने ठोका, कारण छत १०० ठेवलं तर एक्सेल वर पाच टक्के मोकळी जागा मागतो आणि अक्ष जातो १२० टक्क्यांवर, एकशेवीस टक्के भरलेलं धरण दाखवायचंय कोणाला? पट्टी ० ते १०० च्या बाहेर जाणारच नसेल तर ठोकण्यात धोका नाही. फक्त सेल टक्केवारी फॉरमॅटमध्ये असतील तर मॅक्सिममच्या बॉक्समध्ये १०० नाही, १ टाकायचं. १०० टाकलंत तर अक्ष दहा हजार टक्क्यांवर जाईल आणि चार्टमध्ये काहीच दिसणार नाही.

एकूण पाण्यासाठी मी पाचवा चार्ट करतो, स्टॅक्ड कॉलम, चारही धरणं एकावर एक. त्याच्यासाठी टेबलमध्ये आणखी एक कॉलम, "पूर्ण क्षमता", सगळीकडे २९.१५, लाइन म्हणून. ही रेघ मात्र लपवत नाही, तुटक निळी ठेवतो. स्केलही सांभाळते आणि अजून किती भरायचंय ते एका नजरेत कळतं. ग्रुपवर सगळ्यात जास्त फॉरवर्ड होतो तो हाच.

आकडे उणे असतील तर

आमच्या ग्रुपवर सोलापूरकडचे दोघे आहेत, त्यांना उजनी हवं असतं. उजनीची गंमत अशी की एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या आसपास असली तरी त्यातलं उपयुक्त पाणी ५३.५७, बाकीचा मृतसाठा, आणि टक्के मोजतात ते उपयुक्त पाण्यावर. त्यामुळे उन्हाळ्यात मृतसाठ्यातून पाणी उचलायला लागलं की टक्केवारी उणे होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० च्याही खाली गेली होती, उणे ५० म्हणजे मृतसाठ्यातलं जवळपास २६.८ टीएमसी पाणी गेलं.

इथे तळ ० ठेवून भागत नाही, म्हणजे अक्ष खाली जाईलच, पण दर वर्षीच्या चार्टची पट्टी वेगळी होईल. दोन वर्षं शेजारी ठेवायची असतील तर तळाच्या सेलमध्ये =मिन(०, सगळ्या वर्षांचे आकडे) असं लिहा आणि छतासाठी मॅक्स, आणि दोन्ही चार्टना तेच दोन सेल द्या. दुसरं, उणे आकडे आले की आडव्या अक्षावरच्या तारखा शून्याच्या रेघेवर, म्हणजे चार्टच्या मध्यात, कॉलमच्या अंगावर येऊन बसतात. आडव्या अक्षावर डबल क्लिक, लेबल्स, लेबल पोझिशन मध्ये 'लो' निवडा, तारखा खाली जातात आणि शून्याची रेघ जागेवर राहते. किती सोपं आहे, पण हे माहीत नसल्याने लोक टेक्स्ट बॉक्समध्ये हाताने तारखा लिहितात, मी पाहिलंय.

ही युक्ती कुठे कमी पडते

तळ-छताने पट्टी फक्त लांबवता येते, आखूड करता येत नाही. समजा तुम्हाला मुद्दाम ११ ते १३ एवढंच झूम करून बघायचंय आणि ते दोन आकडे सेलमधून बदलायचेत, तर मग मॅक्रोशिवाय इलाज नाही. मॅक्रो दोन-चार ओळींचाच असतो, सेलमधला आकडा उचलून अक्षाच्या मिनिमम-मॅक्सिममला द्यायचा. नवख्यांना तिथे एकच गोष्ट चकवते, शीटचा 'चेंज' इव्हेंट तुम्ही सेलमध्ये टाइप केलं तरच चालतो, फॉर्म्युल्याने आकडा बदलला तर नाही, त्यासाठी 'कॅल्क्युलेट' इव्हेंट लागतो. फाइल एक्सएलएसएम म्हणून सेव्ह करावी लागते, आणि मोबाइलवर किंवा ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये तो मॅक्रो चालत नाही. आमचे निम्मे लोक फाइल फोनवरच उघडतात, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. झूम करताना कॉलम चार्ट ठेवू नका, लाइन करा, कॉलमची उंची डोळा शून्यापासूनच मोजतो.

गुगल शीट्सवाल्यांसाठी: कॉम्बो चार्ट घ्या, तळ-छत लाइन, कस्टमाइझमध्ये सिरीज निवडून लाइनची ऑपॅसिटी शून्य. हाताने ठोकायचं तर व्हर्टिकल ॲक्सिसमध्ये मिन आणि मॅक्स आहेत, सेलचा पत्ता तिथेही चालत नाही.

सगळं झालं की ग्रुपवर टाकण्याआधी एक टेस्ट करा. टेमघरच्या कुठल्याही दिवसात गंमत म्हणून २५ लिहा. जे२ मध्ये मॅक्सचा फॉर्म्युला असेल तर चारही चार्टच्या पट्ट्या एकदम वर गेल्या पाहिजेत, सारख्याच. एखादा जागेवरच राहिला तर त्याच्या मॅक्सिममशेजारी बहुतेक 'रीसेट' दिसेल, तो दाबा. 'रीसेट' नसेल तर छत सेकंडरीवर गेलंय का बघा. जे२ मध्ये आकडाच लिहिला असेल तर फक्त टेमघरचा चार्ट वर जाईल, बाकीचे १४ वरच, आणि तेही बरोबरच, आकडा चुकलाय हे त्यावरूनच कळतं. मग कंट्रोल आणि झेड करून २५ काढायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो, आणि ३.७१ टीएमसीच्या टेमघरमध्ये २५ टीएमसी पाणी ग्रुपवर गेलं. फोन अर्थातच काकांचाच आला.